केसांचं घर आणि दुधाची लोकर

कुवेत शहरात समुद्राच्या कडेने जाणाऱ्या रस्त्यावर, राष्ट्रीय संग्रहालयाला लागून एक बैठं, अंगणाभोवती बांधलेलं जुनं घर आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातलं हे घर कुवेतमधल्या सिमेंट वापरून बांधलेल्या पहिल्या घरांपैकी एक मानलं जातं. त्याचं नाव बैत अल सादू. वाळवंटात फिरणाऱ्या बदू टोळ्यांच्या बायका जे विणकाम करत, त्याला सादू म्हणतात आणि ते विणकाम जपण्यासाठी हे घर चालवलं जातं. सालमिया किंवा फहाहीलला राहणाऱ्या मराठी मंडळींनी पाहुण्यांना उंच मनोरे आणि मॉल दाखवून झाल्यावर अर्धा दिवस या घरासाठी काढावा. प्राण्यांच्या अंगावरच्या प्रथिनातून माणसाने किती मोठं काम करून घेतलं, ते इथे हाताने चाचपून पाहता येतं.

सादूचा माग जमिनीवर आडवा असतो. वाळूत चार खुंट्या ठोकायच्या, त्यांना दोन दांडे बांधायचे आणि त्या दांड्यांवर ताणा ओढून घ्यायचा. पाय नाहीत, चौकट नाही. मुक्काम हलवायची वेळ आली की खुंट्या उपटायच्या, अर्धवट विणलेलं कापड मागासकट गुंडाळायचं आणि उंटावर लादायचं. विणणारी बाई जमिनीवर बसते आणि काम पुढे सरकेल तशी विणून झालेल्या कापडावरच सरकत जाते. आडवा धागा ठोकून घट्ट बसवायला लाकडी पट्टी असते आणि धागे उचलून नेटके करायला हरणाचं शिंग. नक्षी सगळी उभ्या धाग्यांची. आडवा धागा आत लपलेला. त्यामुळे ताण्यालाच पीळ चांगला घट्ट लागतो, नाहीतर सतत घासून तो तुटेल. काळ्या-पांढऱ्या धाग्यांची ‘शजरा’ नावाची जी मधली पट्टी असते, तीत उंट, विंचू, कात्री, कंगवा, टोळीची डाग द्यायची खूण असं सगळं येतं. हे आराखडे कागदावर नव्हते. कोणता धागा वर, कोणता खाली, याचा हिशेब विणणारीच्या डोक्यात असे आणि आईकडून लेकीकडे जाई.

या कापडासाठी तीन प्राणी हाताशी होते. मेंढीची लोकर वसंतात कातरून मिळायची. शेळीचे केस लांब, गुळगुळीत आणि राठ. उंटाचे मऊ केस तर कातरावेही लागत नाहीत. उन्हाळा जवळ आला की ते गळून पडायला लागतात आणि तेव्हा ते ओढून गोळा करायचे. तिन्हींची कामं वेगळी. रंगीत पट्ट्या, उशा, उंटावरच्या पिशव्या आणि तंबूत बायकांचा भाग वेगळा करणारा मोठा पडदा हे मेंढीच्या लोकरीचं, कारण लोकर रंग छान धरते. पांढऱ्या नक्षीसाठी पुष्कळदा बाजारातलं कापसाचं सूत घेत. तंबूचं छत मात्र शेळीच्या काळ्या केसांचं. अरबीत या तंबूला ‘बैत अल शअर’, म्हणजे केसांचं घर असं म्हणतात.

छत काळं का, हा प्रश्न आपल्या मनात हटकून येतो. काळा रंग उन्हात तापतो, हे खरंच आहे. पण केसांचं कापड जाड आणि सैलसर विणीचं असतं. त्याची सावली गडद पडते, आत साठलेली गरम हवा विणीच्या भोकांतून वर निघून जाते आणि कडेचे पडदे उचलले की वारा आरपार खेळतो. हिवाळ्यात पाऊस आला की हेच केस पाणी शोषून फुगतात, भोकं बुजतात आणि पहिल्या काही थेंबांनंतर छत गळायचं थांबतं. कोरड्या हवेत मोकळी आणि ओल्या हवेत बंद होणारी ही वीण कुणा अभियंत्याने आखलेली नाही. ती केसाच्या स्वभावातूनच आली.

आपल्याकडे याचं सख्खं भावंड म्हणजे घोंगडी. सोलापूर, सांगली, साताऱ्याच्या माळावरची दख्खनी मेंढी, तिची काळी राठ लोकर, सणगरांचा खड्ड्यातला माग आणि ताण्याला चोळलेली चिंचोक्याची खळ. धनगराला भर पावसात घोंगडीची खोळ घेऊन उभं राहता येतं, त्यामागे लोकरीचा एक विलक्षण गुण आहे. लोकर आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतका ओलावा पिऊनही हाताला चिंब लागत नाही आणि तो ओलावा पिताना ती थोडी उष्णता बाहेर टाकते. कुवेतचा शेळीपालक आणि माणदेशातला मेंढपाळ यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. पण दोघांनी एकाच रेणूवर भरवसा ठेवला होता.

त्या रेणूचं नाव केराटिन. केस, लोकर, नखं, शिंगं, पिसं ही सगळी केराटिनच्या घराण्यातली. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक साखळी. लोकरीत या साखळ्या मळसूत्रासारख्या गुंडाळलेल्या असतात, दोन-दोन एकमेकींभोवती वळलेल्या असतात, त्यांचे जुडगे होतात, जुडग्यांचे तंतू होतात आणि असे तंतू भरलेल्या पेशींचा मिळून एक केस होतो. वर खवल्यांचं आवरण. एका साखळीला शेजारच्या साखळीशी बांधायला गंधकाचे पूल असतात. लोकरीत तीन-चार टक्के गंधक असतं ते याचसाठी. ब्यूटी पार्लरमध्ये केस कायमचे सरळ किंवा कुरळे करतात, तेव्हा रसायनाने हेच पूल तोडून नव्या जागी पुन्हा बांधतात. लोकर ओढली की लांबते, सोडली की पूर्ववत होते, चुरगळून झटकली की घडी मोडते, हे सगळं या रचनेचं देणं आहे. लोकरीचं मोल तिच्या द्रव्यात आहेच, पण त्याहून जास्त ते त्या द्रव्याच्या मांडणीत आहे. पुढची सगळी गोष्ट या एका मुद्द्याभोवती फिरते.

प्रथिनापासून धागा होतो, हे रेशमाने माणसाला फार आधी दाखवलं होतं. रेशमाच्या अळीच्या पोटात फायब्रोइन हे प्रथिन घट्ट द्रवाच्या रूपात असतं. अळी डोकं हलवत ते बाहेर ओढते आणि त्या ओढण्यातच साखळ्या एका दिशेने रांगेत लागून पक्का धागा होतो. द्रव बारीक छिद्रातून ओढून जर अळी धागा काढते, तर आपण का नाही, असं एकोणिसाव्या शतकातल्या रसायनशास्त्रज्ञांना वाटू लागलं. 1890 च्या दशकात अ‍ॅडम मिलर यांनी जिलेटिनचा धागा काढून पाहिला. तो पाण्यासमोर टिकेना. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीत टॉडेनहाऊप्ट यांनी दुधातल्या केसीनचा धागा काढण्याचे हक्क नोंदवले. तो धागा इतका ठिसूळ होता की त्याचं कापड काही झालं नाही.

यश आलं ते इटलीत आणि त्यामागे राजकारण होतं. 1935 मध्ये इटलीने इथिओपियावर आक्रमण केलं आणि राष्ट्रसंघाने इटलीवर आर्थिक निर्बंध घातले. बाहेरून येणाऱ्या लोकरीवर विसंबून राहायचं नाही, असं मुसोलिनीच्या राजवटीने ठरवलं. त्याच सुमारास अँतोनिओ फेर्रेत्ती या रसायन अभियंत्याने केसीनपासून मऊ, वळवता येईल असा धागा काढला होता. स्निया विस्कोसा या कंपनीने त्याचे हक्क घेतले आणि ‘लानिताल’ या नावाने तो कारखान्यात तयार होऊ लागला. राजवटीने त्याचा एवढा गाजावाजा केला की मरिनेत्ती या कवीने 1937 मध्ये दुधाच्या पोशाखावर एक दीर्घ कविताच लिहिली.

दुधाची लोकर कशी करतात ते समजायला आपल्या स्वयंपाकघरातून फार दूर जावं लागत नाही. मलई काढलेल्या दुधात आम्ल घातलं की ते फाटतं, चोथा खाली बसतो. तो धुऊन वाळवला की झालं केसीन. शंभर लिटर दुधातून ते अडीच-पावणेतीन किलो निघतं. हे केसीन कॉस्टिक सोड्याच्या पातळ द्रावणात विरघळवलं की मधासारखं घट्ट, चिकट पाणी होतं. ते काही काळ मुरू द्यायचं, गाळायचं आणि चकतीतल्या अतिशय बारीक छिद्रांमधून आम्लाच्या हौदात दाबून सोडायचं. सोऱ्यातून शेव तेलात पडावी तसे तंतू आम्लात पडून गोठतात. मग ते ओढून ताणायचे आणि पक्के होण्यासाठी फॉर्मल्डिहाइड व अ‍ॅल्युमिनियमच्या क्षारांमध्ये मुरवायचे. निघणारा तंतू पांढरा, मऊ, गुबगुबीत असतो. रंग चांगला घेतो. हाताला लोकरीसारखाच लागतो.

पण ओला झाला की त्याची ताकद साधारण निम्मी होते. धुताना पिळलं तर कापड ताणून बेढब होतं. दमट हवेत त्याला आंबूस वास येतो, अशी तक्रार गिऱ्हाइकांनी केली. याचं कारण दुधात शोधायला हवं. केसीन ही वासराला पोसण्यासाठी तयार झालेली गोष्ट आहे. त्याच्या साखळ्या सैल, वेड्यावाकड्या असतात. एका रांगेत लागणं हे त्यांचं कामच नाही. त्यात गंधक एक टक्काही नसतं, म्हणजे साखळ्यांना बांधणारे पूल जवळपास नाहीतच. फॉर्मल्डिहाइडने काही गाठी मारता येतात, पण त्या केसाच्या मुळाशी पेशींनी थरावर थर रचत केलेल्या मांडणीची बरोबरी करत नाहीत. कारखान्याला लोकरीचं द्रव्य साधलं. तिची मांडणी साधली नाही.

ही गोष्ट ज्या माणसाला सर्वांत नीट कळत होती, तोच पुढच्या प्रयोगाचा जनक होता. इंग्लंडमधल्या लीड्स या लोकरीच्या गावी विल्यम अ‍ॅस्टबरी क्ष-किरणांनी लोकरीची अंतर्रचना तपासत होते. लोकर ताणली की तिच्या रेणूची घडी बदलते आणि सोडली की परत येते, हे त्यांनी 1930 च्या दशकात दाखवलं. बियांमधली प्रथिनं गोळ्यासारखी गुंडाळलेली असतात. ती युरियात उलगडून, ओढून त्यांचे तंतू करता येतील, असं त्यांच्या आणि जीवरसायनशास्त्रज्ञ चिब्नॉल यांच्या लक्षात आलं. प्रथिन निवडलं शेंगदाण्याचं. तेल काढून उरलेल्या पेंडीत प्रथिन भरपूर असतं, हे आपल्याकडे गाई-म्हशी पाळणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. आयसीआय या ब्रिटिश कंपनीने या धाग्याला ‘आर्डिल’ हे नाव दिलं आणि स्कॉटलंडमध्ये डम्फ्रिजला 1951 मध्ये त्याचा मोठा कारखाना सुरू झाला. अ‍ॅस्टबरी स्वतः आर्डिलचा ओव्हरकोट घालून हिंडत. कारखाना सहा वर्षं चालला. 1957 मध्ये तो बंद झाला.

अमेरिकेतही याच काळात केसीनचा ‘अ‍ॅरालॅक’, मक्याच्या प्रथिनाचा ‘विकारा’ आणि हेन्री फोर्ड यांच्या हौसेतून आलेला सोयाबीनचा धागा असे प्रयोग झाले. युद्धात लोकरीची टंचाई होती तोवर अ‍ॅरालॅक टोप्यांच्या नमद्यात मिसळून खपला; 1948 मध्ये तो थांबला. त्याच्याच कारखान्यात विकारा आला आणि दहा वर्षांच्या आत तोही संपला.

एवढ्या हुशार माणसांचे, एवढ्या भांडवलाचे प्रयत्न ओळीने का मोडले? धागा कमकुवत होता, हे अर्धं उत्तर झालं. कमकुवत धागा सुधारता आला असता. लोकरीत मिसळून तो चांगला चालत होता. उरलेल्या अर्ध्या उत्तरासाठी परत कुवेतकडे यावं लागतं.

फेब्रुवारी 1938 मध्ये कुवेतच्या दक्षिणेला बुर्गान इथे खोदलेल्या विहिरीतून तेल उसळलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत नायलॉनची घोषणा झाली. इटलीत तेव्हा लानितालची यंत्रं जोरात चालू होती. महायुद्धात बुर्गानच्या विहिरी सिमेंटने बुजवून ठेवल्या होत्या. युद्ध संपल्यावर 30 जून 1946 रोजी कुवेतच्या तेलाचं पहिलं जहाज निघालं. त्यानंतरच्या दहा वर्षांत आखाताचं स्वस्त तेल जगभर पोहोचलं आणि त्याच्या अवतीभवती पेट्रोरसायनांचे कारखाने उभे राहिले. पॉलिएस्टर आणि अ‍ॅक्रिलिक हे धागे दुकानांत आले. ते पाण्यात कमजोर होत नाहीत, कसर खात नाही, इस्त्री नको. पॉलिएस्टरचा शोध 1941 मध्ये मँचेस्टरजवळ व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी लावला आणि ब्रिटनमध्ये ‘टेरिलीन’ नावाने तो बनवला आयसीआयनेच. एकाच कंपनीच्या एका हाताला शेंगदाणा होता आणि दुसऱ्या हाताला तेल. निर्णय काय होणार हे उघड होतं. मला तो निर्णय हिशेबाला धरून वाटतो, पण त्यात एक घाई झाली, असंही वाटतं. प्रथिनांची रचना समजू लागण्याच्या उंबरठ्यावरच प्रथिनांच्या धाग्यावरचं काम आवरतं घेतलं गेलं.

तेलाने परदेशातल्या कारखान्यांचं जे केलं, तेच घरच्या अंगणात सादूचंही केलं. कुवेतमध्ये शहर पसरलं, बदू कुटुंबांना पक्की घरं आणि नोकऱ्या मिळाल्या, मुलं-मुली शाळेत जाऊ लागली. हे चांगलंच झालं. उन्हातान्हात मैलोन्‌मैल पाण्यामागे फिरणाऱ्या आयुष्यात गोडवा शोधण्याचा अधिकार ते न जगलेल्यांना नाही. पण उंटावरून हिंडणं थांबल्यावर उंटाची पिशवी कशाला हवी? तंबू उरले ते हिवाळ्यात हौसेने वाळवंटात मुक्काम ठोकण्यापुरते, आणि तेही पुष्कळदा तयार कापडाचे. शजराचे आराखडे ज्या डोक्यांमध्ये होते, ती डोकी म्हातारी होत चालली.

1979 च्या सुमारास शेखा अल्ताफ सालेम अल-अली अल-सबाह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या वृद्ध विणकरणींना गाठून सादूचा प्रकल्प सुरू केला. त्यातून बैत अल सादू उभं राहिलं. मोल देऊन काम करून घेणं, नमुने नोंदवणं, तरुण मुलींना शिकवणं असं काम सुरू झालं. 1991 मध्ये, इराकी आक्रमणातून देश सुटला त्या वर्षी, सादू विणकरांची सहकारी संस्था स्थापन झाली. 2020 मध्ये युनेस्कोने सौदी अरेबिया आणि कुवेत यांच्या संयुक्त प्रस्तावावरून सादूला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. संयुक्त अरब अमिरातीतल्या सादूला त्याआधी, 2011 मध्ये, तातडीने जपण्याच्या यादीत जागा मिळाली होती. आपल्या घोंगडीसाठी विखुरलेले प्रयत्न आहेत, पण इतक्या निगुतीने नमुने नोंदवून ठेवणारं एक घर तिला अजून मिळायचं आहे आणि ते मिळायला हवं.

कुवेत स्वतःही आता धाग्यांच्या कच्च्या मालाचा मोठा पुरवठादार आहे. शुऐबा या औद्योगिक भागात इक्वेट कंपनीचा प्रकल्प 1997 मध्ये सुरू झाला आणि तिथे इथिलीन ग्लायकोल बनतं. 2010 च्या आसपास त्याच भागात पॅराझायलीनचं उत्पादन सुरू झालं. पॅराझायलीनपासून टेरेफ्थॅलिक आम्ल करतात. ते आणि इथिलीन ग्लायकोल एकत्र आले की पॉलिएस्टर. म्हणजे पॉलिएस्टरची दोन्ही अंगं या छोट्याशा देशातून बाहेर जातात. शुऐबापासून बैत अल सादूपर्यंत गाडीने तासाभराचंही अंतर नाही.

प्रथिनांच्या धाग्याचा विषय मात्र संपलेला नाही. जपानमध्ये केसीनवर अ‍ॅक्रिलोनायट्राइल जोडून ‘चिनॉन’ नावाचा रेशमासारखा धागा 1960 च्या दशकाच्या शेवटी आला. चीनमध्ये 2000 च्या सुमारास सोयाबीनच्या प्रथिनाचा धागा कारखान्यात बनू लागला. विणकामाच्या दुकानात ‘दुधाचं सूत’ किंवा ‘सोया रेशीम’ म्हणून जे गोळे मिळतात, ते बहुधा या वळणाचे. त्यात दूध किंवा सोया असतं हे खरं, पण पुष्कळदा निम्म्याहून जास्त भाग अ‍ॅक्रिलिकचा किंवा पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचा, म्हणजे पेट्रोरसायनाचा असतो. ताकद तिथून येते. वेष्टनावर गाईचं चित्र असलं तरी टक्केवारी वाचून घ्यावी. जर्मनीत आंके डोमास्के यांनी खाण्यासाठी न चालणाऱ्या दुधापासून, फॉर्मल्डिहाइड न वापरता धागा काढायचा मार्ग धरला. जपानच्या स्पायबर कंपनीने तर प्राणी आणि धान्य दोन्ही बाजूला ठेवून सूक्ष्मजीवांकडून साखरेवर प्रथिन बनवून घेतलं आणि 2015 मध्ये कोळ्याच्या जाळ्यातल्या प्रथिनावर बेतलेल्या धाग्याचं एक जाकीट दाखवलं. या प्रयत्नात मला खरा नवेपणा दिसतो. मिळेल ते प्रथिन घेऊन त्याला रांगेत उभं करण्याऐवजी, रांगेतच लागेल असं प्रथिन आधी आखून घेणं म्हणजे अ‍ॅस्टबरींच्या क्ष-किरण चित्रांमधला धडा सुमारे ऐंशी वर्षांनी उपयोगात आणणं आहे.

आता थोडं हातात घेऊन पाहण्यासारखं. कुवेत शहरातल्या मुबारकियाच्या जुन्या बाजारात सादूच्या नक्षीच्या उशा, पर्स, गाद्या ढिगाने दिसतात. बऱ्याचशा यंत्रावर विणलेल्या. हाताने विणणाऱ्या बायकाही आता पुष्कळदा बाजारातलं तयार रंगीत सूत घेतात आणि त्यात अ‍ॅक्रिलिक असू शकतं. वस्तू विकत घेतल्यावर कडेचा एक धागा काढावा, चिमट्यात धरून ज्योतीला लावावा. खरी लोकर रडत रडत जळते, ज्योत काढली की विझते, जळक्या केसांचा वास येतो आणि राख बोटांनी चुरली की काळी पूड होते. पॉलिएस्टर वितळतं, गोडसर रासायनिक वास येतो आणि गार झाल्यावर टोकाला कडक मणी उरतो. लानितालचा जुना तुकडा कुठे मिळाला, तर त्यालाही केसांचाच वास येईल आणि त्याचीही पूडच होईल; जाळून लोकर आणि दुधाची लोकर ओळखता येत नाही, त्यासाठी सूक्ष्मदर्शकाखाली खवले शोधावे लागतात. आणि आजचं अ‍ॅक्रिलिक जोडलेलं ‘दुधाचं सूत’ जाळलं, तर वास केसांचा येतो आणि टोकाला मणीही उरतो.